वरकशीवर कुरण : एक शास्त्रार्थ

कोकणात डोंगरउतारावरच्या, भाताला न चालणाऱ्या पण नाचणी, वरी आणि गवत देणाऱ्या जमिनीस वरकस म्हणतात. मालक मुंबईला आणि गुरे बाजारात गेली की ती झुडपांच्या ताब्यात जाते, आणि निवृत्त मालक गावी परतला की पुढील शास्त्रार्थ घडतो.

निवृत्त मालक : काका, सातबारा घरच्याच नावावर असल्यामुळे सोमवारी जेसीबी आणून रान मुळासकट साफ केले, तर पावसाळ्यात तिथे हिरवेगार कुरण दिसण्यास कोणाचीच हरकत नसावी.

वृद्ध गुराखी : भाऊ, त्याच सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वन' असा शेरा नाही ना, हे आधी पाहावे, कारण खाजगी वने सरकारजमा करणारा कायदा ३० ऑगस्ट १९७५ रोजी लागू झाला आहे, आणि शेरा निघाल्यास सोमवारचा जेसीबी सरकारच्या रानात शिरेल.

मालक (चष्मा पुसून, उतारा पुन्हा वाचून) : शेरा नाही.

गुराखी : उत्तम. तरीही ऐन, किंजळ, खैर, हिरडा आणि जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडू नयेत अशांच्या यादीत, आहेत.

मालक : म्हणजे झाडे कायद्याची आणि सावली तेवढी मालकाची!

गुराखी : सावलीही गुरांचीच, कारण भर उन्हात गुरे रवंथ करायला बसणार कुठे? शिवाय जेसीबीने उतार उकरला तर जांभ्यावरची वीतभर माती पहिल्याच पावसात शेजाऱ्याच्या भातात जाईल, आणि शेजारी ती परत करणार नाही.

मालक : मग उरली घाणेरी, ती तरी कापता येईल, की तीही अनुसूचित आहे?

(घाणेरी ही मूळची अमेरिकेची, १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावलेल्या या झुडपाने नंतर देशभर जी शोभा केली, ती येथे वर्णावी लागू नये.)

गुराखी : तिला कायद्याचे संरक्षण नाही, पण कापू मात्र नये. वरून छाटली की ती दुप्पट फुटते. म्हणून खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीच्या खाली कुदळ घालून, फळे धरण्यापूर्वी, ती उपटावी आणि उलटी टांगून वाळवावी. बुलबुल तिचे बी पुन्हा आणून टाकणारच असल्यामुळे हेच काम पुढल्या वर्षीही करावे. पाला गुरांच्या पोटात गेला तर कावीळ होते आणि उन्हाने नाकाडाची कातडी तडकते. मोकळ्या जागी मारवेल आणि पवना ही गवते लावून, मुळे धरेपर्यंत तिथे चराई बंद ठेवावी, आणि गवत फक्त कापून न्यावे.

मालक : एवढे सगळे करायचे कोणी?

गुराखी : ज्याच्या गुरांना चारा हवा त्याने. भाऊंची गुरे किती?

मालक : कुरण तयार झाल्यावर घेण्याचा विचार आहे.

गुराखी : मग भाऊ, गवत न चरता, न कापता तसेच उभे राहिले तर माघ-फाल्गुनात ते सुकून वणव्याला आयते सरपण होईल, तेव्हा सोमवारी जेसीबीऐवजी एखादी गाभण गाय आणावी.

मालक : गाय जेसीबीपेक्षा स्वस्त पडेल काय?

गुराखी : भाड्याने मिळत नाही.