हरलेलं परवडतं

निराश फुटबॉल समर्थक कसा ओळखायचा, याबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे. क्लब हरला की हा माणूस जेवत नाही, टीव्हीचा रिमोट आपटतो, घरच्यांवर डाफरतो, असे आपण धरून चालतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरातला नमुना ओळखायचा तर मात्र क्लब जिंकेपर्यंत थांबावे लागते. पोरे गल्लीत नाचत असतात, मोबाइलवर चषकाचे फोटो फिरत असतात आणि हे गृहस्थ कट्ट्यावरून शांतपणे विचारतात, "मालक अजून तेच आहेत ना?" वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात विटलेली पिवळी जर्सी, पाठीवरचा आकडा अर्धा सोललेला. ज्या क्लबची ती जर्सी, तो क्लब आज अस्तित्वात नाही. घरात अशा आणखी दोन-तीन जर्सी आहेत आणि त्यांचेही क्लब नाहीत. बायको त्या फडक्यांच्या गाठोड्यात टाकते, हा परत काढून आणतो. शेजारीपाजारी त्याला रडका म्हणतात. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. हा माणूस हरण्याने खचलेला नाही. हरण्याची त्याला उत्तम सवय आहे, किंबहुना थोडी आवडही. त्याला खचवले ते क्लब नाहीसे होण्याने, आणि त्याची निराशा हा स्वभावदोष नसून कागदपत्रांवर आधारलेला निष्कर्ष आहे.

कागदपत्रे मुबलक आहेत. मच्छीमार नगरातून चालत निघाले तर अर्ध्या तासाच्या आत कूपरेजचे मैदान येते. कूपरेजवर खेळली जाणारी रोव्हर्स कप ही देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. १८९१ साली गोऱ्या पलटणींनी सुरू केलेली. १९३७ला बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकून पहिल्यांदा देशी संघाचे नाव चषकावर कोरले, १९५० ते ५४ हैदराबाद सिटी पोलिसांनी सलग पाच वेळा नेली. दोन महायुद्धे आणि एक फाळणी पचवलेली ही स्पर्धा २०००-०१च्या हंगामानंतर झालीच नाही. तिला कोणी हरवले नाही, ती नुसती थांबली. मग महिंद्र युनायटेड. २००५-०६ला राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा क्लब, पाठीशी भक्कम कंपनी. चार वर्षांनी, २०१०ला, कंपनीने संघच बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार, असे सांगण्यात आले. म्हणजे लीग जिंकलेल्या माणसाला परत पहिलीत बसवले. मग एअर इंडिया. २०१३ला परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून आय-लीगमधून बाहेर. मग मुंबई एफसी, जन्म २००७, मृत्यू २०१७. मग मुंबई केंकरे, २०२३ला आय-लीगमधून खाली. हे वाचून कोणाला वाटेल की मुंबईत फुटबॉलची साथ आली होती. आमच्या गृहस्थांना ही यादी तारखांसह पाठ आहे, आणि ती ते घरच्या श्राद्धतिथींपेक्षा अचूक सांगतात.

यातले मुंबई एफसीचे प्रकरण थोडे थांबून बघायला हवे, कारण पिवळी जर्सी त्याचीच. या क्लबने कधी मोठे काही जिंकले, असा आरोप त्याच्यावर कोणी करणार नाही. खालिद जमील यांनी २००९पासून सात वर्षे हा संघ चालवला आणि लीगमध्ये टिकवला. कूपरेज दुरुस्तीला गेले तेव्हा 'घरचे' सामने पुण्याला, बालेवाडीत झाले. घर द्रुतगती मार्गाच्या पलीकडे गेले तरी समर्थकाने ते घर मानले. २०१६ला क्लबने प्रशिक्षक बदलला. जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले, जो क्लब आदल्याच हंगामात खाली घसरला होता आणि केवळ फेडरेशनच्या कृपेने परत घेतला गेला होता. पुढे जे झाले ते कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने खोडले असते. ३० एप्रिल २०१७ला ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला, आणि त्याच तक्त्यात सर्वांत खाली मुंबई एफसी. ज्याला काढला तो वर, ज्यांनी काढला ते तळाला, आणि तळातून थेट इतिहासात. ऑगस्ट २०२५मध्ये जमील भारताचे प्रशिक्षक झाले तेव्हा गल्लीत कोणीतरी अभिमानाने म्हणाले असेल, आपला माणूस. आमच्या गृहस्थांचे उत्तर ठरलेले: "आपला होता तेव्हा आपण काढला." या वाक्यात ना राग आहे ना विनोद. कारकुनाने शेरा मारावा तसा तो शेरा आहे.

आता कोणी म्हणेल, क्लबची अवनती जगभर होते, एवढे काय. बरोबर आहे, पण जगभर क्लब खाली जातात आणि खाली राहून खेळतात. इंग्लंडमध्ये सन्डरलंड २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे दोन पायऱ्या घसरला. लोक तिकीट काढून येत राहिले, शिव्या देत राहिले, आणि २०२५ला क्लब परत वरच्या श्रेणीत आला. कोलकात्यात ईस्ट बंगालने २००३-०४ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि पुढची वीस वर्षे तिचे तोंड पाहिले नाही. पण १९२०चा क्लब जागेवर आहे, त्याच्या समर्थकाला संध्याकाळी तंबूत जाऊन भांडता येते. एवढे लांब कशाला, कोल्हापूरला जा. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे सगळे तालमी-मंडळांचे आणि पेठांचे संघ. शाहू स्टेडियमवर हरले तर पेठ दोन दिवस तोंड लपवते, तिसऱ्या दिवशी परत मैदानात. पेठ विकता येत नाही आणि तालमीला संचालक मंडळाचा ठराव करून टाळे लावता येत नाही. मच्छीमार नगराला हा फरक कुणी समजावून सांगायला नको. एक जूनला होड्या किनाऱ्याला लागतात, एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद. नंतरही कित्येकदा जाळे रिकामे येते, डिझेलचे पैसे सुटत नाहीत. त्याबद्दल कुरकुर होते, पण उद्या समुद्रच राहणार नाही अशी धास्ती कोणताही नाखवा बाळगत नाही. आमच्या गृहस्थांना फुटबॉलमध्ये नेमकी तीच धास्ती आहे, आणि ती अनुभवाने आलेली आहे.

इथे मुंबई सिटीचा दाखला पुढे केला जातो, आणि तो वजनदार आहे. २०१४ला इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेला क्लब, सिनेनट सहमालक, २०१९पासून मँचेस्टर सिटीवाल्या समूहाचा ६५ टक्के हिस्सा. २०२०-२१ला साखळी आणि चषक दोन्ही, २०२२-२३ला पुन्हा साखळी, ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून पुन्हा चषक. एवढे मिळूनही माणूस रडत असेल तर तो कृतघ्न नव्हे काय? पुरावा तपासू. २०२०-२१चा अख्खा हंगाम कोविडमुळे गोव्यात, बंद दाराआड खेळला गेला. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याला नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला तो रिकाम्या खुर्च्यांसमोर. मुंबईचा सर्वांत मोठा विजय मुंबईत झाला नाही आणि एकाही मुंबईकर समर्थकाने तो मैदानात बसून पाहिला नाही. २०२२-२३ला साखळीत सलग अठरा सामने न हरता ढाल मिळवली आणि उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टींवर ९-८ने बाहेर. त्या मोसमाचे प्रशिक्षक पुढच्या मोसमाच्या मध्यात इंग्लंडला निघून गेले. आशियाई स्पर्धेत अल-हिलालशी गाठ पडली, नेमार नेरुळला येणार म्हणून शहर वेडे झाले. आमचे गृहस्थ तेवढे म्हणाले, "येत नाही तो." ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध नेमारचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये अल-हिलाल आला, नेमारशिवाय, आणि २-० जिंकून गेला. आयुष्यात खरे ठरलेले हे बहुधा त्यांचे एकमेव भाकीत, पण त्याच्या भांडवलावर माणूस दहा वर्षे काढू शकतो.

आणि मग २०२५. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपणार, म्हणून जुलैतच हंगाम स्थगित झाला. डिसेंबरअखेर मँचेस्टरवाल्या समूहाने लीगच्या भवितव्याबद्दल अनिश्चिततेचे कारण देत हिस्सा सोडला. कट्ट्यावरचा तो जुना प्रश्न, "मालक अजून तेच आहेत ना?", अखेर वर्तमानपत्रात छापून आला. इथे आमच्या गृहस्थांच्या सिद्धान्ताला एक गंभीर आक्षेप घेता येतो. जिंकणे हे क्लब बंद पडण्याचे पूर्वलक्षण असते, असे ते महिंद्र आणि सिटीच्या आधारे सांगतात. पण मुंबई एफसीने मोठे काहीच जिंकले नव्हते, तो का बंद पडला? यावर ते क्षणभर विचार करून म्हणतात, "तो हरला म्हणून." तर्कशास्त्राच्या पुस्तकात हे उत्तर नापास होईल. मुंबईच्या फुटबॉलला मात्र ते तंतोतंत लागू पडते, आणि मला वाटते दोष अशा वेळी पुस्तकाचा धरावा.

दुसरा आक्षेप प्रेक्षकसंख्येचा. एवढे दुःख आहे तर अंधेरीला मुंबई सिटीच्या सामन्याला का जात नाही? याचे त्यांच्याकडे पाठ केलेले उत्तर होते. मच्छीमार नगरातून बसने चर्चगेट, तिथून लोकल, अंधेरीला उतरून रिक्षा, साडेसातचा सामना, घरी पोचेपर्यंत दुसरी तारीख. उत्तर भक्कम होते. ते सरकारने हिरावून घेतले. ९ ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडहून सुटू लागली. मरोळ नाक्याला गाडी बदला, आझाद नगरला उतरा, स्टेडियम हाकेच्या अंतरावर. वर्षानुवर्षांची सबब एका उद्घाटनात गेली. पण गृहस्थांचे नशीब पाहा: मेट्रो आली त्या महिन्यात अंधेरीला सामनेच नव्हते. लीग स्थगित. स्टेडियमपर्यंतची वाट मोकळी झाली आणि स्टेडियममध्ये काही नाही. एवढी नेमकी वेळ फक्त मुंबईचे फुटबॉल साधू शकते.

तिसरा आक्षेप असा, की याचे खरे दुःख आयात आहे. शनिवार-रविवारी रात्री मँचेस्टर युनायटेडसाठी जागणारा माणूस मुंबई एफसीच्या नावाने गळे कशाला काढतो? युनायटेडसाठी तो जागतो, हे कबूल. २०२४-२५ला युनायटेड पंधराव्या क्रमांकावर राहिला तेव्हा तो उद्विग्नही झाला. पण त्या उद्वेगात एक प्रकारची चैन होती. १८७८चा क्लब पुढच्या ऑगस्टला परत येणार, हे माहीत असताना शिव्या घालण्यात जी निश्चिंती आहे, तिच्यासाठीच तो इंग्लंडला जातो. तिकडे तो हरायला जातो आणि तिथे ते सुरक्षितपणे हरता येते. मग क्रिकेट का नाही, वानखेडे काय लांब आहे? मुंबईने ४२ वेळा रणजी जिंकली आहे. इथे मात्र मी गृहस्थांची बाजू पुरती घेणार नाही. क्रिकेटवर गल्लीत प्रत्येकाला मत आहे, चिंबोऱ्या विकणाऱ्या मावशीसुद्धा फील्डिंग लावून देतात. फुटबॉलमध्ये नाडकर्णी कप आणि हारवूड लीग ही नावे उच्चारणारा तो एकटा. निराशेने त्याला अधिकार दिला आहे. आशावादी माणसाला कुणी काही विचारत नाही. "यंदा काही खरं नाही" म्हणणाऱ्याला मात्र सगळे विचारतात, "का हो, काय ऐकलंत?"

राहिला शेवटचा आक्षेप, आणि हा त्यांना खरोखर अडचणीचा आहे. कूपरेज उभे आहे. तिथे मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने होतात आणि त्यात खेळणारी पोरे कुलाबा, माहीम, वांद्रे इथल्या गल्ल्यांतली असतात. मालक नाही, लिलाव नाही, मँचेस्टर नाही. कोल्हापूरच्या पेठेइतके नसले तरी जे काही आपले म्हणता येईल ते हेच, आणि तिकडे बाकडी रिकामी. ज्या माणसाला क्लब विकला जाण्याचे एवढे भय, त्याने न विकता येणाऱ्या फुटबॉलकडे पाठ का करावी? मी हा प्रश्न त्यांच्यावतीने कितीही बाजूंनी सोडवून पाहिला तरी सुटत नाही. फार तर एवढे म्हणता येते, की तिथे गमावण्यासारखे पुरेसे काही नाही. त्या सामन्यांना इतिहास आहे, पण दगा देण्याची ऐपत नाही, आणि दगा मिळण्याची शक्यता नसेल तर आमच्या गृहस्थांचा जीव रमत नाही. जानेवारी २०२६मध्ये क्रीडामंत्र्यांनी लीग १४ फेब्रुवारीला सुरू होणार असे जाहीर केले. आमच्या गृहस्थांनी पिवळी जर्सी गाठोड्यातून काढली, झटकली, आणि पहिला प्रश्न विचारला: लीग सुरू होतेय ते ठीक, पण पगार कोण देणार आहे?