एक घास पेंग्विनचा

"तिकडे काम काय असतं?" आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी विचारलं.

"टॉवेल धुवायचे, बादल्या घासायच्या, फरशी पुसायची आणि पक्ष्यांना मासे भरवायचे."

"आणि देतात किती?"

"देत नाहीत. उलट आपणच द्यायचे."

मावशींच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस व्यवहारात इतका कच्चा असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. "दादा, अशी घरं मला पण बघा दोन-चार," एवढंच म्हणून त्या नळाकडे वळल्या.

निवृत्तीनंतर सहा आठवडे केप टाउनच्या एका समुद्रपक्षी बचाव केंद्रात स्वयंसेवक म्हणून जायचं मी ठरवलं होतं. पेंग्विन म्हटल्यावर सोसायटीत एकच कल्पना : बर्फ. कोणी मंकी कॅप आणून दिली, कोणी लोकरीचे मोजे. खरं तर आफ्रिकन पेंग्विनने बर्फ कधी पाहिलेलाच नसतो. तो दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर, भर उन्हात राहतो. त्यातून मी गेलो नोव्हेंबरात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात. मंकी कॅप सहा आठवडे बॅगेच्या तळाशी पडून राहिली. आपल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियाहून आलेले हम्बोल्ट पेंग्विन याचेच जवळचे भाऊबंद. तेही मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे.

पहिल्या पहाटे मला गाढवाच्या ओरडण्याने जाग आली. केंद्रात गाढवंही आणतात, अशी माझी समजूत झाली. नाश्त्याच्या वेळी कळलं की तो पेंग्विनच. या पक्ष्याचं जुनं इंग्रजी नावच मुळी 'गाढव पेंग्विन' असं आहे. कोटटोपी घातलेला तो सभ्य गृहस्थ तोंड उघडेपर्यंतच सभ्य असतो. असे लोक मी बँकेतही पाहिले होते, त्यामुळे लवकर सरावलो.

वन्यजीव संरक्षण म्हणजे दुर्बीण, जीप, संधिप्रकाश असं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर होतं. प्रत्यक्षात ते नव्वद टक्के धुणं निघालं. पेंग्विन खातो, आणि खाल्लेलं फार वेळ जवळ ठेवत नाही. चटया धुवायच्या, टॉवेल धुवायचे, ते वाळेपर्यंत पुढचे तयार. दुसऱ्या आठवड्यात मी बायकोला फोनवर सांगितलं, की टॉवेल भिजत घालण्याआधी एकदा झटकून घेतला तर डाग लवकर जातो. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मग बढती मिळाली. मासे निवडणं. गोठवलेली तारली वितळवायची, फुटकी बाजूला काढायची, धड असलेली मोजून बादलीत ठेवायची. मी मालवणकडचा माणूस. एवढी तारली समोर पाहून मला संरक्षणाआधी तिरफळ घातलेलं तिखलं आठवलं, हे कबूल करायला हवं. आफ्रिकन पेंग्विनचं मुख्य अन्न म्हणजे तारली आणि आपल्या मांदेलीच्या कुळातला एक बारीक मासा. म्हणजे आमची आवडनिवड एकच. पुढे ध्यानात आलं, की सगळं भांडण तिथेच आहे.

भरवण्याचं तंत्र असं : अंगात मेणकापडी पोशाख, हातांवर जाड बाह्या. पक्षी दोन गुडघ्यांमध्ये धरायचा, एका हाताने डोकं सांभाळायचं, चोच उघडायची आणि मासा डोक्याच्या बाजूने आत सरकवायचा. शेपटीकडून घातला तर खवले घशात अडकतात. हे सगळं तीन किलोच्या जिवाला मान्य असतंच असं नाही, आणि त्याची चोच अडकित्त्यासारखी चालते. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची पावती आहे. पासपोर्टच्या पुढच्या अर्जात 'ओळखीची खूण' या रकान्यात लिहायला आता काहीतरी झालं.

शिवाय पक्ष्यांशी बोलायचं नाही, असा दंडक होता. त्यांना माणसाची सवय लागली तर समुद्रात परत गेल्यावर ते माणसाच्या जवळ जातील. इतर देशांच्या स्वयंसेवकांना हे सहज जमत होतं. मला अवघड गेलं. गप्प राहून भरवणं आपल्याकडे कोणाला येतं? चिऊ-काऊच्या नावाने घास भरवल्याशिवाय आपल्या पिढ्या मोठ्या झालेल्या नाहीत. पण समोर पक्षीच जेवायला बसला असेल, तर घास कोणाच्या नावाने भरवायचा? मी मनातल्या मनात नातेवाइकांची नावं घेत असे. वयस्कर मावसभावापर्यंत आलो की बहुधा बादली संपायची.

त्या दिवसांत केंद्रात येत होती ती बहुतेक टाकलेली पिल्लं. 'टाकलेली' हा शब्द आईबापांवर अन्याय करणारा आहे. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतो. नवी पिसं येईपर्यंत साधारण तीन आठवडे पाणी थेट कातडीला लागतं, म्हणून समुद्रात उतरता येत नाही. म्हणजे कडकडीत उपास. त्याआधी पोटभर खाऊन अंगावर चरबी साठवावी लागते. घरट्यात उशिरा जन्मलेली पिल्लं असतील, तर वेळ आल्यावर आईबाप किनाऱ्यावर उपाशी उभे आणि पिल्लं घरट्यात उपाशी बसलेली. दोष कोणाचाच नसतो. पुरेसा मासा वेळेवर मिळाला नाही, इतकंच.

तो का मिळत नाही? समुद्राची तऱ्हा बदलते आहे, मासे जुन्या जागा सोडत आहेत, हे एक. आणि मोठ्या जाळ्यांच्या बोटी नेमक्या त्याच तारलीवर आणि मांदेलीच्या त्या भावंडावर असतात, हे दुसरं. त्यातला बराचसा बारीक मासा माणसाच्या ताटातही येत नाही, त्याची भुकटी होऊन जनावरांच्या खाद्यात जाते. त्याआधीचा हिशेबही आपल्याच नावावर आहे. एकोणिसाव्या शतकात बेटांवर साठलेली पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून खरवडून नेली. पेंग्विन त्या थरातच बिळं करून अंडी घालत. घरंच गेली, अंडी उन्हात उघडी पडली. ती अंडीही विसाव्या शतकात कितीतरी वर्षं गोळा करून खाल्ली. एके काळी लाखोंनी असलेला हा पक्षी आता दहा हजार जोड्यांच्याही खाली आला आहे. २०२४ साली त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात झाली.

माणसाने काही केलंच नाही, असंही नाही. २३ जून २००० रोजी रॉबेन आणि डॅसेन या दोन बेटांजवळ 'ट्रेझर' नावाचं जहाज बुडालं आणि तेल पसरलं. तेल लागलं की पिसं एकमेकांना चिकटतात, थंड पाणी आत शिरतं आणि पक्षी गारठून किनाऱ्यावर उपाशी बसतो. सुमारे १९,००० माखलेले पेंग्विन हजारो स्वयंसेवकांनी हाताने धुतले. जवळपास तितक्याच स्वच्छ पक्ष्यांना ट्रकमध्ये घालून दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडलं. ते पोहत घरी पोचेपर्यंत मध्ये मिळालेल्या दिवसांत समुद्र साफ करायचा, असा बेत होता. पीटर, पॅमेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं होती, आणि त्यांचा परतीचा प्रवास लोक रोज पाहत होते. पेंग्विनाला घरचा रस्ता माहीत असतो, एवढ्याच भरवशावर आखलेली ती योजना पार पडली.

ही हकीकत मी मुंबई विमानतळावर बसून वाचली होती, आणि तेव्हाच मनात खुट्ट झालं होतं. तेलापासून वाचवलेल्या पक्ष्यांची सेवा करायला मी किती तेल जाळत निघालो होतो! या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, खिडकीची जागा मात्र होती.

बचाव केंद्रं सगळीच अशी नसतात. त्याच देशात सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायला परदेशी पाहुणे पैसे मोजून येत आले आहेत. हे छावे मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीला उपयोगी पडतात, हेही उघड झालेलं आहे. म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांना एक खूण सांगतो. जिथे प्राणी कुशीत देतात, तिथे शंका घ्यावी. जिथे हातात फडकं देतात, तिथे बेलाशक राहावं.

परत आल्यावर मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ताळेबंद मांडला : "म्हणजे आधी त्यांचं खाल्लं, मग त्यांना भरवायला माणसं लावली, आणि त्या माणसांकडून पैसे पण घेतले." मी एकतीस वर्षांत इतका नेमका ताळेबंद पाहिलेला नाही.

माझे आजोबा जेवायला बसताना पानाबाहेर चार घास काढून ठेवत. ते त्यांच्या स्वतःच्या पानातले असत आणि जेवणाआधी काढलेले असत. उरलंसुरलं द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न घालणारे कोळीही समुद्रापुरतं तेच करत आले आहेत. १८ मार्च २०२५ रोजी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात पक्षी-संस्था आणि मासेमारी उद्योग यांची तडजोड झाली : पेंग्विनांच्या सहा वसाहतींभोवती आखलेल्या पाण्यात दहा वर्षं तारली आणि मांदेलीच्या त्या कुळाची व्यापारी मासेमारी बंद. एवढा घास पानाबाहेर निघाला आहे. तो पेंग्विनांच्या पोटात वेळेवर पोचत राहिला, तर त्या केंद्रात टॉवेल धुवायला माझ्यासारख्याची गरज उरणार नाही.