टँकवाले गृहस्थ

टँकवाले गृहस्थ फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी आणि शक्यतो खिडकीच्या ऐन समोर आढळतात. टँक दोन फुटी. आत गप्पी, मॉली, टेट्रा, एंजलची जोडी आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी प्लॅस्टिकची पेटी. काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर धरतो, मागोमाग हिरवा, आणि गृहस्थांचा खरा स्वभाव इथून कळू लागतो. काच पुसायला पाच मिनिटे लागतात. ती वाचवायला ते अख्खा रविवार क्रॉफर्ड मार्केटात घालवतात. ‘काच साफ करणारा मासा द्या’ ही मागणी ठरलेली आणि ‘सकर घेऊन जा’ हे उत्तरही.

सकर घरी येतो तेव्हा बोटाएवढा असतो. काचेला तोंड चिकटवून तो ढिम्म बसतो, आणि पाहुण्यांना ‘हे आमचं सफाई खातं’ अशी ओळख करून दिली जाते. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा गडी फूटभराच्याही पुढे वाढतो, हे दुकानात कुणी बोललेले नसते. मोठा झाला की शेवाळ सोडून तळाचे दाणे हाणतो आणि लेंड्यांचे लांब धागे सोडत फिरतो. शेवटी त्याला बादलीत घालून पुण्यकर्म म्हणून तलावात सोडतात. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडणारा, काटेरी परांनी ती फाडणारा सकर अशाच पुण्याईचा वंशज.

रिकाम्या जागेवर चायनीज अल्गी ईटर भरती होतो. पोरवयात कामसू, वयात आल्यावर मात्र एंजलच्या रुंद अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. गृहस्थ म्हणतात, ‘खेळतोय.’

यानंतर कॉलेजात जाणारा भाचा उपदेश करतो. उपदेश खरा असतो. ओटो हा शेवाळ खाणारा मासा जेमतेम दीड-दोन इंचांचा, कुणाच्या वाटेला न जाणारा. पण सहा-सात जणांच्या घोळक्यात ठेवावा, आणि नव्या टँकमध्ये नकोच, तिथे उपाशी मरतो. ब्रिसलनोज सकरचाच भाऊबंद, पाच इंचांवर थांबणारा; त्याला चघळायला लाकूड लागते. पानांच्या कडांवर शेवाळाची काळी दाढी आली असेल तर सियामीज अल्गी ईटर. त्याच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो. शेपटीच्या आधीच संपला, तर दुकानदाराने दुसरेच काही गळ्यात मारले समजावे. गृहस्थ मन लावून ऐकतात आणि तिन्ही एकदम आणतात, ओटो एकच.

शेवाळ उजेडावर आणि पाण्यात मुरलेल्या खतावर पोसते. टँकचा दिवा सहा ते आठ तास पुरे, ऊन नकोच, दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच, आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. गृहस्थांकडे दिवा सकाळच्या चहापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत चालू असतो. दाणे घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने घालतो, कारण मासे ‘भुकेल्या नजरेने’ बघतात. दिवा लवकर घालवा म्हटले की हॉलची शोभा आड येते. पाणी बदलायचे म्हटले की पाठ.

शेवटी नेराइट गोगलगाय येते. काच ती खरोखर लख्ख करते, पण लाकडावर, दगडांवर पांढरी, चिवट अंडी चिकटवून ठेवते. गोड्या पाण्यात त्यांतली पिल्ले जगत नाहीत, आणि खरवडल्याशिवाय ती सुटतही नाहीत. पुढच्या रविवारी गृहस्थ पुन्हा मार्केटात : ‘हे पांढरे टिपके खाणारा मासा आहे का?’