गाणी भरून देणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना

एखाद्या विषयावर गाणी निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, प्रत्येक गाणं का घेतलं ते लिहायचं आणि हे सगळं आप्तेष्टांच्या गळ्यात घालायचं, या छंदाला अजून शासनमान्यता नाही. त्यामुळे अभ्यासक्रमही नाही. ज्याला जसं सुचेल तसं तो करतो आणि मग बहिणीच्या साखरपुड्याच्या यादीत तलत मेहमूदचे उसासे शिरतात. हे थांबावं म्हणून पुढील सूचना. होतकरू संकलकाने त्या आधी वाचाव्यात, गाणी नंतर ऐकावीत. वेळ कमी असेल तर गाणी राहिली तरी चालतील.

सुरुवातीला प्रयोजन ठरवावं. वाढदिवस, निवृत्ती, परदेशी निघालेला भाचा, असं काहीतरी. हे झालं दाखवायचं प्रयोजन. खरं प्रयोजन ठरलेलंच असतं: गाण्यांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते कुणीतरी मध्येच न उठता ऐकून घ्यावं. घरात ते होत नाही. जेवताना 'या गाण्यातला माउथ ऑर्गन कुणी वाजवलाय, माहितीये का?' म्हटलं की आमटीचं भांडं पुढे सरकवलं जातं. लेखी नोंदीपुढे आमटी सरकवता येत नाही, हा या कलेचा पाया आहे.

विषय निवडताना पाऊस, चंद्र, आई आणि प्रेम हे चार वर्ज्य समजावेत. पावसाच्या यादीत 'मंझिल'मधलं (१९७९) गाणं घातलं, तर नोंदीत लिहिणार काय? पाऊस आहे, गाणं पावसाचं आहे, ऐका. फार तर असं लिहाल की ते गाणं चित्रपटात दोनदा आहे, किशोरकुमारचं बैठकीत आणि लताबाईंचं मुंबईच्या भर पावसात. हे तर समोरच्यालाही माहीत असतं, आणि समोरच्याला माहीत असलेली गोष्ट सांगण्यात कसला आनंद? विषय असा हवा की ऐकणाऱ्याने 'हे गाणं इथे कसं?' असं विचारावं, निदान त्याने तसं विचारलं असं आपल्याला समजून घेता यावं.

उदाहरणासाठी रेल्वे घेऊ. हिंदी सिनेमाने नायक-नायिकांना जितकं आगगाडीत बसवलंय तितकं शाळेच्या बाकावरही बसवलेलं नाही, त्यामुळे माल भरपूर. आणि समजा, यादी द्यायची आहे कल्याणच्या काकांना. काकांची हयात लोको शेडमध्ये गेली, आता निवृत्त झालेत, निरोप समारंभात नारळ, शाल आणि घड्याळ मिळालंय. त्यांना रेल्वेची गाणी द्यावीत यापेक्षा समर्पक कल्पना नाही, असं संकलकाला वाटतं. काकांना काय वाटतं ते पुढे येईल.

आता गाण्यांची प्रतवारी. सर्वांत खालच्या प्रतीचं गाणं म्हणजे ज्यात गाडी सरळ डोळ्यांना दिसते. 'सोलवाँ साल'मध्ये (१९५८) देव आनंद डब्यात बसून हेमंतकुमारांच्या आवाजात गातो, समोर वहिदा रेहमान. 'अजनबी'त (१९७४) राजेश खन्ना आणि झीनत अमान चक्क मालगाडीवर. 'दिल से'मध्ये (१९९८) निलगिरीच्या गाडीच्या टपावर शाहरुख खान आणि मलायका अरोरा. ही गाणी घ्यावीतच, पण त्यांच्यावर विसंबू नये. यांत संकलकाची प्रतिभा दिसत नाही, गाडी दिसते.

वरच्या प्रतीत गाडी फक्त ऐकू येते. 'पाकिजा'मधला (१९७२) मीनाकुमारीचा मुजरा घ्या. झुंबरं आहेत, कारंजी आहेत, रूळ औषधालाही नाही. पण गाणं संपता संपता लांबून इंजिनाची शिट्टी येते. गाडीत ती झोपलेली असताना कुणी अनोळखी माणूस तिच्या पायाशी चिठ्ठी ठेवून गेलेला असतो, आणि भरल्या मैफिलीत ती शिट्टी नेमकी त्याची आठवण घेऊन येते. इथे नोंद लिहिणाऱ्याचे हात शिवशिवायला लागले पाहिजेत. लागत नसतील तर त्याने हा छंद सोडून बागकामाकडे वळावं.

आणि सर्वोच्च प्रत ती, जिथे गाडी ना दिसते ना ऐकू येते. 'इजाजत'मधलं (१९८७) गुलजारांचं ते मागे राहिलेलं सामान परत मागणारं गाणं. पंचमचं संगीत, आशाबाईंचा आवाज, गायिका आणि गीतकार दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार. आता यात रेल्वे कुठे आहे? तर अख्खा चित्रपट एका स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसून आठवलेला आहे. बास! एवढ्या धाग्यावर ते रेल्वेच्या यादीत बसतं. कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, तशी अशा गाण्याला नोंद मागून लावायची आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत न्यायचं.

नोंद लिहिण्याचा सराव 'आराधना'पासून (१९६९) करावा. कच्चा संकलक लिहितो: 'छान गाणं आहे. गाडीसुद्धा आहे.' ही नोंद नव्हे, पोचपावती झाली. तयार हाताची नोंद अशी असते:

'रस्त्यावर जीप, शेजारून दार्जिलिंगची छोटी गाडी. सुजितकुमार जीप चालवतोय, राजेश खन्ना गातोय. डब्याच्या खिडकीत शर्मिला टागोर, हातात ॲलिस्टर मॅक्लिनची कादंबरी. गंमत अशी, की शर्मिलाबाई दार्जिलिंगच्या चित्रीकरणाला नव्हत्याच. त्या सत्यजित राय यांच्या चित्रपटात अडकल्या होत्या, त्यांचा भाग मागाहून मुंबईत स्टुडिओत घेतला. म्हणजे जिच्याकडे बघून हा एवढा गातोय, ती तिथे नाहीच! आयुष्यात असं कितीदा होतं.'

शेवटचं वाक्य नीट पाहावं. माहिती कितीही असो, नोंद आयुष्यावर आणून सोडावी लागते, नाहीतर ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली वाटते. मात्र दर नोंदीत आयुष्य आणू नये, वाचणारा धास्तावतो. या शैलीचे आद्य गुरू रेडिओवर भेटतात. विविध भारती सुरू झाली १९५७ साली. तिच्यावरचं रात्रीचं 'छायागीत' ज्याने अंथरुणात पडून ऐकलंय त्याला हे शिकवावं लागत नाही: निवेदक हलक्या आवाजात दोन वाक्यं बोलतो आणि पुढचं गाणं आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटायला लागतं. 'विशेष जयमाला'तही फौजी भाईंसाठी कलावंत आपली आवडती गाणी निवडत आणि ती का निवडली ते सांगत. आपल्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की त्यांना बोलावलेलं असे.

दिवाळी पहाटेच्या निवेदकांकडून मात्र काहीही घेऊ नये. 'शब्द जिथे संपतात तिथे सूर सुरू होतात', 'हे गाणं ऐकायचं नाही, जगायचं', 'काळाच्या पडद्याआड', 'चिरतरुण' ही मालमत्ता त्यांची आहे. तिला हात लावला तर वाचणाऱ्याला उटण्याचा वास यायला लागतो आणि तो चकली शोधू लागतो.

क्रमाबद्दल पूर्वी फार विचार करावा लागत नसे, कारण तो कॅसेट करायची. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. जुनी गाणी तबकडीच्या मापाने बेतलेली, तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळे हिशेब कागदावर व्हायचा. यादी लिहून दुकानात द्यायची, 'कॅसेट भरून घ्यायची'. दुकानदार दोन दिवसांनी या म्हणायचा. गेलं की तिसऱ्या नंबरला भलतंच गाणं. विचारलं तर, 'ते नव्हतं आमच्याकडे, त्याच सिनेमातलं दुसरं टाकलंय, हे जास्त चालतं.' आणि 'अ' बाजूचं शेवटचं गाणं बरोबर अंतऱ्यावर तुटलेलं. त्यावरही जाणकार नोंद लिहीत: 'येथे मुद्दाम थांबलो आहे.' भेट दिल्यावर घरच्यांनी तिच्यावर नातवाचे बोबडे बोल टेप करू नयेत म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन चौकोनी तुकडे तोडून टाकायचे. घरच्यांना सेलोटेप लावून ती भोकं बुजवता येतात हे ठाऊक असे. कितीतरी तलत मेहमूद असे बोबड्या बोलांखाली गेले.

आता बाजू नाहीत, तुकडे नाहीत, दुकानदार नाही. आता शत्रू आहे ते गाणी पिसून वाजवणारं बटण. आपण 'पाकिजा'ची शिट्टी आणि लगेच 'इजाजत'चं प्रतीक्षालय अशी जोडणी करावी, आणि समोरच्याच्या फोनने मध्ये 'दिल से'चा टप आणून ठेवावा! यावर तंत्रज्ञानाचा उपाय नाही. नोंदींना क्रमांक घालावेत आणि चौथ्या नोंदीत 'मागच्या गाण्यात आपण पाहिलंच' असं लिहावं. ज्याने पाहिलं नाही तो तरी ओशाळेल.

पुण्याला निघालेल्या माणसाला यादी देत असाल तर भूगोलाचा फायदा घ्यावा. १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन आजही मुंबई-पुणे अंतर तोडायला तीन तासांहून थोडा जास्त वेळ घेते, म्हणजे सी-९० दोनदा. त्यातही घाटात बोगदे आले की फोनची रेंज जाते. आपल्या हौसेखातर घेतलेलं, कुणालाही न आवडणारं गाणं कर्जत आणि खंडाळ्याच्या मध्ये येईल असं बसवावं. ते तुटलं तर दोष सह्याद्रीचा.

यादीत एक तरी मराठी गाणं हवंच, नाहीतर आत्या विचारते. रेल्वेच्या बाबतीत प्रश्न सुटलेला आहे: गदिमांची आगीनगाडी, आशाबाईंच्या आवाजातली. पण सावधान! ती गाडी मामाकडे जाते. यादी काकांसाठी आहे. निवृत्तीच्या दिवशी काकांच्या हातात मामाच्या गावाचं गाणं ठेवलं, तर काकू बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील. अशा वेळी नोंदीत 'बालपणीचा काळ' वगैरे लिहून नातं धूसर करावं.

यादी पाठवून झाली की प्रतिक्रियेची वाट पाहावी. इथे नवशिक्यांचा धीर सुटतो. आपण आयुष्याबद्दल लिहिलेलं असतं आणि काकांनी इंजिनं ऐकलेली असतात. 'आराधना'बद्दल काका म्हणतात, 'दोन फुटी गेज. आपलं माथेरान आहे तेवढंच.' निलगिरीबद्दल म्हणतात, 'मीटर गेज. नाचणारे जरा बाजूला झाले असते तर दातेरी रूळ नीट दिसला असता.' टपावरच्या प्रवासाला रेल्वे कायद्याचं कलम १५६ लागतं हेही ते सांगतात, आणि 'अजनबी' १९७४ चा, कायदा १९८९ चा, म्हणून राजेश खन्नाला १८९० चा जुना कायदा लावावा लागेल अशी पुस्ती जोडतात. 'इजाजत'वर त्यांचा एकच प्रश्न असतो: 'सामान राहिलं होतं, तर लॉस्ट प्रॉपर्टी ऑफिसात चौकशी का नाही केली?' फक्त 'पाकिजा'पाशी ते थांबतात. 'शिट्टी वाफेच्या इंजिनाची आहे. बरोबर आहे,' म्हणतात. ही दाद समजावी. याहून मोठी मिळत नाही.

शेवटी दोन शब्द ज्यांना अशी यादी मिळते त्यांच्यासाठी, कारण त्यांचा विचार कुठल्याच सूचनेत होत नाही. सगळी गाणी ऐकण्याची गरज नसते. पहिल्या गाण्याचं कौतुक करू नका, तेवढंच ऐकलंय हे उघड होतं. शेवटच्याचंही नको. मधलं कुठलं तरी, सातवं वगैरे, धरा आणि म्हणा, 'सातवं काय टाकलंयस रे!' संकलक हमखास विचारेल, 'का? काय आवडलं त्यातलं?' घाबरू नका. म्हणा, 'ते तू लिहिलंयस ना खाली, त्यामुळेच.' मग फोन कानापासून थोडा लांब धरा आणि भाजी निवडायला घ्या.