बेचाळिसाव्या सेकंदाची ठेच

ज्याच्या घरी होम थिएटर पीसी आहे, अशा माणसाला ‘कालचा सिनेमा कसा होता?’ असं चुकूनही विचारू नये. तो म्हणेल, ‘एकही फ्रेम ड्रॉप झाली नाही.’ खुनी कोण निघाला, नायिकेचं शेवटी काय झालं, यातलं त्याला काही सांगता येणार नाही. कारण त्या वेळी तो पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातले आकडे वाचत होता. हे मी अधिकारवाणीने सांगतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीखालच्या कपाटात असा एक पीसी आहे. मी त्याला एचटीपीसी म्हणतो, आई ‘तो डबा’ म्हणते आणि बायको पाहुण्यांसमोर त्याचा विषय काढू देत नाही.

भाच्याला तर हा डबा मुळातच मान्य नाही. ‘मामा, टीव्हीतच सगळं असतं ना रे? पेनड्राइव्ह लाव, बटण दाब.’ त्याचं म्हणणं खरं आहे आणि म्हणूनच मी त्याच्याशी या विषयावर बोलणं टाळतो. हल्लीच्या टीव्हीत डिकोडर असतो, तो निमूटपणे काम करतो आणि तुम्हाला काही विचारत नाही. आता काही विचारतच नसेल, तर माणसाने रविवार काढायचा कसा?

डिकोडर म्हणजे काय, हे बाबांना समजावताना मी हिशेबापासून सुरुवात केली, कारण बाबा बँकेतून निवृत्त झालेत. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांच्या वर. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट. सेकंदाला २४ चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला जवळजवळ १५० एमबी आणि अडीच तासांच्या सिनेमाला तेराशे जीबींहून जास्त. ब्लू-रेच्या दुपदरी डिस्कवर जागा फक्त ५० जीबीची. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, ‘मग बाकीचे साडेबाराशे गेले कुठे?’ तूट दिसली की त्यांना अजूनही स्वस्थ बसवत नाही.

ते गेले, कारण प्रत्येक चित्र आख्खं साठवायची गरजच नसते. एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि पुढच्या चित्रांत काय बदललं, काय कुठे सरकलं, एवढंच टिपून ठेवायचं. काही चित्रं तर पुढे येणाऱ्या चित्राचा आधार घेऊन लिहिलेली असतात. म्हणजे डिकोडरला आधी पुढचं उलगडून मग मागे यावं लागतं. आणि हे सगळं करून सेकंदाच्या चोविसाव्या भागात एक चित्र तयार पाहिजे. एखाद्याला जरी उशीर झाला, तरी पडद्यावरचा नायक धावता धावता किंचित अडखळतो.

हे काम प्रोसेसर करू शकतो, पण धापा टाकत. २००३ साली व्हिडिओ दाबून साठवायची एच.२६४ ही पद्धत आली. पुढची काही वर्षं घरोघरचे प्रोसेसर हाय डेफिनिशन चित्रासमोर हात टेकायचे. तेव्हा लोक कोअरएव्हीसी नावाचा डिकोडर पदरचे पैसे मोजून घ्यायचे, कारण तो त्याच प्रोसेसरकडून जास्त काम काढून घ्यायचा. मग ग्राफिक्स चिप बनवणाऱ्यांनी चिपमध्ये एक वेगळं सर्किटच बसवलं. या सर्किटला व्हिडिओ उलगडण्यापलीकडे जगातलं दुसरं काही येत नाही, पण ते काम ते इतक्या कमी विजेत करतं की प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसून राहतो. या सर्किटपर्यंत पोचायचे रस्ते मात्र प्रत्येकाने आपापले काढले. मायक्रोसॉफ्टचं डीएक्सव्हीए, लिनक्ससाठी एनव्हिडियाने २००८ साली आणलेलं व्हीडीपीएयू, इंटेलचं व्हीए-एपीआय आणि २०११ मध्ये आलेलं क्विक सिंक. ही सगळी नावं मला तोंडपाठ आहेत. बायकोच्या मावसभावंडांची नावं पाठ नाहीत, हे तिने नोंदवून ठेवलं आहे.

आता डिकोडरची निवड. पूर्वीच्या काळी आम्ही कोडेक पॅक, म्हणजे डिकोडरांचे गठ्ठे, घालायचो, एकावर एक. विंडोजच्या डायरेक्टशो पद्धतीत प्रत्येक डिकोडरला ‘मेरिट’ नावाचा आकडा असतो. फाइल उघडली की साधारणपणे ज्याचं मेरिट जास्त, त्याला काम मिळतं. आणि हा आकडा प्रत्येक डिकोडर संगणकात शिरताना स्वतःच नोंदवतो! बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला विद्यार्थ्यांच्याच घरी पाठवल्या तर गुणवत्ता यादीत जी झुंबड उडेल, तीच तेव्हा माझ्या संगणकात उडाली होती. सगळेच पहिले. सिनेमा सुरू केला की नक्की कोण चालवतंय तेच कळायचं नाही. एकाने चित्र उलटं दाखवलं, दुसऱ्याने आवाजच गिळला. एका ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा केला, तर सिनेमातली माणसं, बंगला, समुद्र, सगळं हिरवंगार. आई म्हणाली, ‘श्रावणातलं असेल.’

नंतर लॅव्ह फिल्टर्स नावाचे डिकोडर आले, फुकटचे आणि गुणी, आणि बाकीच्या उमेदवारांना मी घरी पाठवलं. पण लॅव्हच्या खिडकीत ‘हार्डवेअर डिकोडर’ अशी एक पट्टी आहे. ती उघडली की पुन्हा यादी: कोणीच नको, क्यूव्हिड, क्विक सिंक, डीएक्सव्हीए२ कॉपी-बॅक, डीएक्सव्हीए२ नेटिव्ह, डी३डी११. यातल्या नेटिव्हमध्ये कार्डाने उलगडलेलं चित्र कार्डाच्याच मेमरीत राहतं आणि तिथूनच पडद्यावर जातं. कॉपी-बॅकमध्ये ते कार्डातून मुख्य मेमरीत येतं, तिथे त्याच्यावर हवे ते संस्कार होतात आणि पुन्हा कार्डाकडेच रवाना होतं. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं कोणीही शहाणा माणूस विचारेल. तर काही फिल्टरांना चित्र हाताशी लागतं, कार्डाच्या कुलपात असलेल्या चित्राला ते शिवू शकत नाहीत. तुम्हाला असले फिल्टर नको असतील तर नेटिव्ह लावा आणि विसरून जा. मला ते फिल्टर नको होते. तरीही मी कॉपी-बॅक लावून बघितलं, कारण ते यादीत होतं.

खरी मेख मात्र डिकोडरमध्ये नसतेच, ती घड्याळात असते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. संगणक टीव्हीला न विचारता सेकंदाला ६० चित्रं पाठवतो. २४ ला ६० मध्ये बसवायचं तर एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, मग तीनदा, मग दोनदा. एरवी हे कळत नाही, पण कॅमेरा सावकाश आडवा फिरू लागला की डोंगर, झाडं, विजेचे खांब सगळे लंगडत सरकतात. यावर उपाय म्हणजे टीव्हीलाच २४ वर आणायचं. आणलं. लंगडणं थांबलं. मी समाधानाने सोफ्यावर टेकलो, आणि तेवढ्यात चित्राला बारीकशी ठेच लागली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

या ठेचेचं मूळ १९५३ सालच्या अमेरिकेत आहे. तिकडे रंगीत टीव्ही आला, तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून तिथल्या इंजिनिअरांनी सेकंदाच्या ३० चित्रांना १.००१ ने भागून २९.९७ केलं. त्याच हिशेबाने टीव्हीवरच्या सिनेमाची २४ चित्रं झाली २३.९७६. जुने काळे-पांढरे संच निकामी होऊ नयेत म्हणून केलेली ती तडजोड. ते संच भंगारात गेले, इंजिनिअर पेन्शनीत गेले, पण २३.९७६ डिस्कवर तसंच राहिलं. आणि माझ्या डब्यातल्या चिपला, कंपनीचं नाव घेत नाही, नेमके २४ देता येत होते, २३.९७६ जमत नव्हते. टीव्ही २४ मागतो, सिनेमा २३.९७६ देतो, ही तूट साठत जाते आणि सुमारे ४२ सेकंदांनी एक आख्खं चित्र कमी पडतं. मग आधीचंच चित्र दुसऱ्यांदा दाखवून वेळ मारून न्यावी लागते. तीच ती ठेच.

हे गणित कळल्यापासून मी कामातून गेलो. सिनेमात म्हातारा बाप मुलाला स्टेशनवर निरोप देतोय, गाडी हलली आहे, बायकोने पदर डोळ्याला लावलाय आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघतोय. अडतीस... एकोणचाळीस... ‘बघ हं, आता... आता... ही बघ!’

‘काय?’

‘ठेच लागली.’

‘कोणाला?’

त्या मुलाला काही लागलेलं नाही, तो नीट गाडीत चढलाय, याची खात्री करून ती पुन्हा रडू लागली. आई मात्र माझ्याकडे काळजीने बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, माझ्यासाठी.

आपल्याकडचा टीव्ही युरोपासारखा २५ चित्रांचा. १९८२ मध्ये एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेही याच पद्धतीने. युरोपातल्या लोकांनी २४ चा सिनेमा सरळ २५ च्या वेगाने पळवायचं ठरवलं. ठेच नाही, लंगडणं नाही. फक्त अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि सगळे थोड्या वरच्या पट्टीत बोलतात. ही युक्ती मी बाबांना सांगितली तर ते म्हणाले, ‘सगळेच सिनेमे तसे लाव.’

बाबांचा जीव जुन्या नाटकांच्या डीव्हीडींत. त्यातलं बरंचसं चित्रीकरण दोन हप्त्यांत आहे: सेकंदाच्या पन्नासाव्या भागात विषम ओळी, पुढच्या पन्नासाव्या भागात सम ओळी. जुन्या डबा टीव्हीला ते मानवायचं. सपाट पडद्यावर दोन्ही हप्ते एकदम दाखवले की नटाने हात उडवला रे उडवला, हाताला दाते फुटतात. हे दाते झिजवायचं कामही ग्राफिक्स चिप करते आणि चांगलं करते. मात्र तिला सेकंदाला २५ नव्हे, पुरी ५० चित्रं काढायला सांगायची. मी सेटिंगमध्ये तशी खूण केली आणि बाबांना बोलावलं. ते पहिल्या अंकभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘शिवाजी मंदिरला पुढच्या रांगेतून असंच दिसायचं.’ एवढ्या वर्षांत या डब्याचं घरात झालेलं हे पहिलं कौतुक. मी लगेच सेटिंग आणखी सुधारायला घेतलं. बायकोने रिमोट काढून घेतला.

भाच्याची ॲनिमे ही वेगळीच भानगड. त्या मंडळींनी एच.२६४ चं दहा बिटांचं रूप उचललं. रंगांचे पट्टे पडत नाहीत, चित्र सुरेख. पण ते उलगडायची सोय बहुतेक ग्राफिक्स चिपांत नाहीच. अशा वेळी डिकोडर तक्रार करत नाही, तो गुपचूप सगळं प्रोसेसरच्या गळ्यात मारतो. पडद्यावर जपानी मुलगी चेरीच्या झाडाखाली उभी, आणि कपाटातून पंख्याचा आवाज चढत चाललेला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अरे, तुझ्या डब्याला घरघर लागली!’

शेवटी नवं कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने विचारलं, ‘गेमिंगला का, साहेब?’ मी म्हटलं, ‘नाही, सिनेमा बघायला.’ त्याने मला नीट न्याहाळलं. मग म्हणाला, ‘हे घ्या, जास्त जीबीचं आहे. पुढची दहा वर्षं बघायला नको.’ इथे मात्र मी ठाम राहिलो, कारण कार्डाची मेमरी आणि त्यातलं डिकोड करणारं सर्किट यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एनव्हिडियाचं जीटीएक्स ९८० हे २०१४ चं भारदस्त आणि महागडं कार्ड. त्याला एचईव्हीसी, म्हणजे एच.२६४ चा पुढचा अवतार, पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडता येत नाही. त्याच घराण्यातलं २०१५ चं स्वस्त ९६० ते हसत हसत करतं. धाकट्याला जमतं ते थोरल्याला नाही, हे दुकानदाराला पटवायला अर्धा तास लागला. तो शेवटी म्हणाला, ‘साहेब, तुम्हीच काउंटरला बसा.’

आता आमच्याकडे सगळं सुरळीत आहे. माझ्या प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की चित्रावर हिशेबाची अक्षरं उमटतात आणि त्यात लिहून येतं की एवढ्या एवढ्या तासांनी एक फ्रेम गळेल. सिनेमा त्याच्या आधीच संपतो. तरीही खात्री म्हणून मी शेवटची श्रेयनामावली बघतोच. काळ्या पडद्यावर सावकाश वर सरकणाऱ्या पांढऱ्या अक्षरांइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. त्यामुळे सिनेमाची गोष्ट मला माहीत नसते, पण लाइटमन कोण होते ते सगळे माहीत असतात.

तुम्हालाही असा डबा ठेवायची बुद्धी झालीच, तर दुकानात जीबी विचारू नका. ‘दहा बिटांचं एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडतं का?’ एवढं विचारा. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असेल तर वेगळं कार्ड बहुधा लागणारच नाही. एचईव्हीसीहून नवं एव्ही१ हवं असेल तर ते उलगडणारी, २०२० नंतरची चिप बघा. घरी आल्यावर कोडी नावाच्या प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग सुरू करा, सिनेमाप्रमाणे टीव्हीचा रिफ्रेश रेट बदलण्याची खूण करा आणि सेटिंगची खिडकी बंद करा. आणि घरचे सिनेमा बघत असतील तेव्हा हिशेबाची अक्षरं उमटवू नका. ती अक्षरं बरोबर नायिकेच्या तोंडावर येतात.