आत कोण उतरणार?

मे महिना आला की सोसायट्यांना आपली गटारं आठवतात. गच्चीवरचे पावसाळी पाइप, आवारातले चेंबर, सेप्टिक टाकी, सगळं पहिल्या सरीच्या आत साफ हवं असतं. सेक्रेटरी तीन कोटेशनं मागवतात, कमिटी सगळ्यांत स्वस्त निवडते. तो ठेकेदार स्वस्त का, हे कोणी विचारत नाही. पुष्कळदा त्याच्याकडे सक्शनची गाडी नसते, म्हणून. बादली, दोरी आणि आत उतरणारा माणूस, एवढ्यावर त्याचं काम चालतं.

गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. प्रत्येकी १० लाखांच्या भरपाईसाठी त्यांच्या बायकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. आदेश मिळाला २०२१ मध्ये.

टाकीतला हायड्रोजन सल्फाइड फार दगलबाज. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. त्यामुळे ‘आता वास नाही, उतर’ हे सांगणं म्हणजे माणसाला मरायला पाठवणं. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो. तोही वर येत नाही.

‘माणूस ठेकेदाराचा होता’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत कोणालाही उतरवणं, स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली.

हे टाळणं अवघड नाही. गाडी मार्चमध्येच ठरवा. गेटातून आत येत नसेल तर लांब पाइपवाली मागा. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसा. गाळ घट्ट बसला की ठेकेदार हमखास माणूस उतरवायला बघतो. मैला कुठे रिकामा करणार, तेही विचारा. आणि सॅनिटरी पॅड, चिंध्या संडासात टाकणं बंद करा. चेंबर आपणच तुंबवतो.

यंदाच्या सभेत कोटेशनचा आकडा वाचण्याआधी कोणीतरी उभं राहून विचारा, आत कोण उतरणार? ‘कोणीच नाही’ हे उत्तर वर्क ऑर्डरमध्ये लिहून मिळेपर्यंत सही करू नका.