वधूवस्त्रनिर्णय

वधूच्या बांध्यास शोभेल असे विवाहवस्त्र कसे निवडावे, याविषयी साप्ताहिकांच्या स्त्रीपुरवण्यांतून जे मार्गदर्शन ऐन लग्नसराईत प्रसिद्ध होते, त्यात एका मूलभूत प्रश्नास सोयिस्कर बगल दिलेली असते. तो म्हणजे, बांधा कोणाचा? बस्ता बांधावयास निघालेल्या मंडळींत वधू, वधूमाता, दोघी मावश्या, एक काकू आणि आत्याबाई असतात. आणि ही सभा पांढऱ्या गादीवर स्थानापन्न झाली की दुकानातील गृहस्थ जी पैठणी उलगडतात, ती यांपैकी कोणाच्याही अंगास न लावता, स्वतःच्याच पँटच्या पट्ट्यात निऱ्या खोचून व स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून, आरशापुढे किंचित वळून दाखवितात. सबब जिज्ञासूने प्रथम हे ध्यानी धरावे की, समोर जे शोभून दिसत आहे ते एका काटक, मिशाळ गृहस्थास शोभून दिसत आहे.

यानंतर देहप्रकारांचा विचार. आमच्या घराण्यात या बाबतीतील सर्व अखत्यार आत्याबाईंकडे असून, त्यांच्या जाबत्यानुसार वधू चार प्रकारच्या असतात: ठेंगणी-ठुसकी, अंगाने भरलेली, काटकुळी आणि उफाड्याची. यांतील कोणत्याही प्रकाराचा उच्चार त्या ‘पण चेहरा गोड आहे हो’ या पुस्तीखेरीज करीत नाहीत, आणि ही पुस्ती वधूच्या देखतच जोडली जाते.

ठेंगण्या वधूने रुंद काठाचा मोह टाळावा. रुंद काठ पावलांपासून वर चढत येतो, त्यात चोळी विरुद्ध रंगाची असली की मूळच्याच मोजक्या उंचीचे कंबरेपाशी दोन तुकडे पडतात. उलट एकरंगी अंग, विरळ बारीक बुट्टी, साडीच्याच रंगाची चोळी आणि चापून बसविलेल्या अरुंद निऱ्या, एवढे साधले तर काही न उंचावता दोन इंच पदरात पडतात. हे सर्व आत्याबाईंस ठाऊक आहे. परंतु ‘ठसठशीत काठ नाही तर लग्नातली साडी कशाची?’ हे त्यांचे फर्मान सुटले की शास्त्र तहकूब होते.

अंगाने भरलेल्या वधूने कडक टिश्यूस हात लावू नये. ते अंगावर बसत नाही, फुगून उभे राहते. मऊ सुताचे, अंगासरशी उतरणारे रेशीम घ्यावे, बाह्या कोपरापर्यंत ठेवाव्यात, आणि मान आखूड असल्यास ठुशी व चिंचपेटी यांची एकदम नेमणूक न करता एखादा लांब हार रुजू करून घ्यावा. काटकुळीस काहीही शोभते, असे काटकुळीखेरीज सर्वांचे मत पडते. तिने कडक रेशीम, मोठी बुट्टी व रुंद काठ मागून घ्यावा. उफाड्याच्या वधूविषयी नियम करण्याचे कारण नाही. ती ऐकत नाही.

मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री या निर्णयाच्या कक्षेबाहेर आहे. तिच्याविषयी मत देण्याची मुभा कोणासही नाही.

रंगाचा निकाल दुकानाच्या दिव्याखाली कधीही लावू नये. साडी दारापर्यंत, शक्य तर रस्त्यावर न्यावी. आत डाळिंबी म्हणून गौरविलेला रंग लक्ष्मी रस्त्यावरील उन्हात स्वच्छ विटकरी निघाल्याचे पाहिले आहे. पैठणी असल्यास पदर उलटून पाहावा: हातमागावर विणलेल्या पदराचे मोर, मुनिया व कमळे दोन्ही अंगांनी सारखीच दिसतात, आणि यंत्रावरच्या पदराच्या पाठीमागे बहुधा सुटे, कापलेले धागे आढळतात. ही तपासणी चालू असता दुकानदार चहा मागवितो. चहा घ्यावा, परंतु पदर सोडू नये.

याहून महत्त्वाची, परंतु एकाही पुरवणीत न छापलेली गोष्ट अशी की, विवाहदिनी वधू उभी थोडी आणि वाकलेली फार असते. पाटावर होमासमोर बसायचे, आणि मग दिसेल त्या वडीलधाऱ्याच्या पायां पडत सबंध कार्यालय फिरायचे! म्हणून चोळी घालून पाहताना आरशापुढे न थबकता खाली बसावे, वाकावे, हात वर करावा; आणि शिंप्यास आत इंचभर माया सोडण्यास बजावावे, कारण केळवणे अजून व्हावयाची असतात.

राहता राहिली नऊवारी. ९ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर वस्त्र केवळ एक गाठ, निऱ्या, ओचा आणि कासोटा यांच्या बळावर ज्या देहास नेसवाल त्याच्याच मापाचे होते, हे सोडून हल्ली जी शिवलेली, कंबरेस इलॅस्टिक लावलेली नऊवारी मिळते, ती म्हणजे पदर जोडलेली विजार होय. असो. चिडून उपयोग नाही. नेसविणाऱ्या बायकाच उरल्या नाहीत.

आत्याबाई मात्र उरल्या आहेत. विवाहाच्या पहाटे त्या खोलीचे दार लावून घेतात, ‘पाय जरा फाकव गं’ म्हणून गुडघ्यांवर बसतात, आणि वधू ठेंगणी की काटकुळी याचा चकार शब्द न काढता गाठ मारण्यापूर्वी इतकेच विचारतात, ‘श्वास घे बरं पोटभर. घेता आला? मग पंगतीत जेवशीलही.’ त्या वेळी त्या वळवतील तिकडे वळावे. काठ अर्थातच त्यांच्याच पसंतीचा, चांगला पाच बोटे रुंद असतो. त्याबद्दलची फिर्याद आल्बम हाती आल्यावर दाखल करता येते, परंतु तोवर आत्याबाई धाकटीच्या बस्त्याची यादी करावयास बसलेल्या असतात.